रीलवरचे चार आकडे

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात चिपचं एक रील, म्हणजे चिप बसवलेल्या पट्टीची गुंडाळी, पडून आहे. चंदेरी पिशवीत, हवा ओढून सील केलेलं. लेबलवर पार्ट नंबर, त्याखाली नग 2500, आणि त्याच्याही खाली बारीक टायपात चार आकडे: 2134. धंद्याबाहेरच्या माणसाला त्यातून काही बोध होणार नाही. खरेदी खात्यातला माणूस मात्र आधी तिकडेच बघतो. 2021 सालचा 34वा आठवडा. याला डेट कोड म्हणतात. चिपची जन्मतारीख म्हणा हवं तर.

पिशवीच्या आत एक छोटं कार्ड असतं, त्यावर गोल ठिपके. आत कोरडं असेल तर ठिपके निळे, ओल शिरली की गुलाबी. पिशवी एकदा फोडली की तास मोजायला लागायचं. आमच्याकडच्या बऱ्याच चिपना 168 तास मिळतात. तेवढ्यात त्या बोर्डावर सोल्डर झाल्या नाहीत तर भट्टीत शेकून घ्याव्या लागतात. नाहीतर आवरणात मुरलेल्या ओलीची सोल्डरिंगच्या उष्णतेने वाफ होते आणि चिप आतल्या आत तडकते. लाइनवर याला सरळ ‘पॉपकॉर्न झालं’ म्हणतात.

शेअरवाल्या मंडळींच्या तोंडी ‘इन्व्हेंटरी’, म्हणजे कंपनीकडचा मालाचा साठा, हा शब्द आला की तो इतके अब्ज डॉलर, तितके दिवस असा येतो. माझ्या डोळ्यांसमोर येते ती ही पिशवी. त्यामुळे चिप कंपन्यांचा साठा वाढला तर ते चांगलं की वाईट, या वादात मी जरा विचित्र जागी बसलेला असतो. शेअरही घेतो आणि मालही मागवतो.

वाद घालणारे आम्ही तिघे. एक माझा मेव्हणा. वयाने लहान, उत्साहाने मोठा, तेजीवाला. दुसरे आमच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले साहेब. ते नफा-तोट्याचं पान उलटून थेट ताळेबंदावर जातात आणि ताळेबंदावरून थेट टिपांवर, कारण त्यांच्या मते कंपनी खरं बोलते ते बारीक अक्षरातच. आणि तिसरा मी, ज्याने या साऱ्याच्या नादात एक चांगला शेअर हातचा घालवला आहे. ते पुढे येईलच.

2025 च्या नोव्हेंबरात एआयच्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाचे तिमाही आकडे आले. विक्री 57 अब्ज डॉलर. मेव्हण्याचा फोन यायच्या आधी साहेबांचा आला. विक्रीबद्दल एक शब्द नाही.

“साठा बघितलात? एका तिमाहीत 15 अब्जांवरून 19.8. विक्री वाढली 22 टक्के, माल वाढला 32 टक्के. माल विक्रीच्या पुढे पळायला लागला की मी चष्मा पुसून घेतो.”

मेव्हण्याला हे सांगितलं तर तो उखडलाच. “दाजी, सीझनच्या आधी गोदाम भरलं नाही तर विकायचं काय? मागणी आहे म्हणून तर माल भरलाय. आणि पुरवठादारांना दिलेल्या ऑर्डरींचा आकडा बघा, 50 अब्ज! बुडणारा माणूस एवढा माल बोलून ठेवतो का?”

साहेबांचं यावर उत्तर ठरलेलं. “बुडण्याआधी सगळेच ठेवतात. सिस्को, 2001.” त्या वर्षी नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोला अचानक कळलं होतं की गोदामात भरून ठेवलेल्या मालाला गिऱ्हाईकच उरलेलं नाही, आणि सुमारे 2.2 अब्ज डॉलरचा माल त्यांना एका तिमाहीत हिशेबातून उडवावा लागला होता. साहेब हे उदाहरण इतक्या वेळा देतात की आम्ही आता नुसतं “2001” म्हणतो.

मी कागदावर भागाकार केला. त्या तिमाहीत विकलेल्या मालाचा खर्च साधारण 15 अब्ज. 19.8 भागिले 15, गुणिले तिमाहीचे 91 दिवस. एकशेवीसच्या आसपास येतात. म्हणजे त्याच वेगाने विकलं तर चार महिन्यांचा माल. हे जास्त की कमी? प्रगत चिप कारखान्यात वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, घडायलाच तीन महिन्यांच्या आसपास लागतात, त्यावर पॅकेजिंग आणि टेस्टिंग वेगळं. तेव्हा चार महिन्यांच्या मालातला बराचसा अजून घडतोच आहे, असंही म्हणता येतं. मेव्हण्याला हे फार आवडलं. साहेब म्हणाले, “मग टिपेत बघा, कुठल्या रकान्यात किती आहे.”

त्यांचं हे म्हणणं मात्र लाखमोलाचं. इन्व्हेंटरी हा एक आकडा दिसत असला तरी आत तीन रकाने असतात: कच्चा माल, अर्धवट झालेला माल आणि तयार माल. अर्धवट माल वाढला तर कंपनीने पुढच्या विक्रीची तयारी केली आहे असं मानायला जागा आहे. तयार माल वाढला आणि विक्री तशीच राहिली तर घेणारा दारातून परत गेला, अशी शंका घ्यायला जागा आहे. बातमीत मात्र एकच बेरीज येते, आणि त्या बेरजेवर अर्धं जग शेअर विकतं, अर्धं घेतं.

‘इन्व्हेंटरीचे दिवस’, म्हणजे मी कागदावर केला तो भागाकार, हा आकडाही वाटतो तितका सरळ नाही. याचा माझ्या माहितीतला सगळ्यात गमतीशीर दाखला मायक्रॉनचा. 2023 च्या मार्चमध्ये संपलेल्या तिमाहीत या मेमरी कंपनीने 1.43 अब्ज डॉलरने साठ्याची किंमत खाली आणली, कारण बाजारभाव मालाच्या खर्चाच्याही खाली गेले होते. खाली आणण्याआधीचा हिशेब धरला तर साठा 235 दिवसांचा. खाली आणल्यावर 153 दिवसांचा. कारखान्यात एक चिपसुद्धा हलली नव्हती. भागाकारातली वरची रक्कम, म्हणजे साठा, कमी झाली, आणि तीच रक्कम खर्चात गेल्यामुळे खालची वाढली, की भागाकार आपोआप देखणा होतो. साहेबांनी हे मला समजावून दिलं तेव्हा ते चक्क खूश होते, एखाद्या गवयाने अवघड जागा घ्यावी तसे.

आणि त्यातली पुढची गंमत. अमेरिकी हिशेबपद्धतीत एकदा खाली आणलेली किंमत परत वर नेता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी चालणाऱ्या कंपन्यांना ती मुभा आहे. त्यामुळे अमेरिकी कंपनीचा तो माल पुस्तकात स्वस्त होऊन बसतो आणि पुढे भाव सुधारल्यावर विकला की नफ्याचं प्रमाण एकदम गुटगुटीत दिसतं. आज घेतलेला तोटा उद्याच्या नफ्याला खतपाणी घालतो. यात लबाडी काही नाही, सगळं नियमात. फक्त वाचणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

बरं, जास्त दिवस म्हणजे वाईट, हेही सरसकट खरं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अॅनालॉग चिप करणारी कंपनी. त्यांचा साठा 2024 च्या शेवटी 240 दिवसांच्या घरात होता आणि त्याबद्दल ते अजिबात ओशाळलेले नव्हते. त्यांचे पार्ट वर्षानुवर्षं विकले जातात, हजारो गिऱ्हाइकं तोच पार्ट घेतात, आज नाही गेला तर पुढच्या वर्षी जाईल. एआयच्या चिपचं तसं नाही. पुढची पिढी आली की आधीची उतरते. एकाचा साठा लोणच्यासारखा, दुसऱ्याचा भाजीसारखा. दोघांना एकाच तराजूत घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता खणातल्या रीलकडे येतो.

2021 सालची खरेदी ज्याने केली नाही त्याला ते सांगून कळणार नाही. फेब्रुवारीत टेक्सासात बर्फ पडून ऑस्टिनमधले चिपचे कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. मागणी आधीच उसळलेली होती. बारा आठवड्यांत येणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारी छोटी चिप, बावन्न आठवड्यांवर गेला. एकेका चिपसाठी अख्ख्या मशिनी अडून बसल्या. बाकी सगळे पार्ट लागलेला, मधोमध एक चौकोन रिकामा असलेला बोर्ड मी रोज बघत होतो. वरून रोज विचारणा: कधी येणार?

आम्हाला लागणार होते दहा हजार नग. मी एका वितरकाकडे दहा हजारांची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, टाकली. मग दुसऱ्याकडे दहा हजारांची. मग तिसऱ्याकडे. जो आधी देईल त्याचा माल घ्यायचा आणि बाकीच्यांना नंतर ‘जरा पुढे ढकला’ म्हणायचं, हा बेत. याला खरेदीत फार वाईट नाव नाही, उलट त्या वर्षी याला हुशारी म्हणत होते. मला शाबासकीही मिळाली.

पण चिप बनवणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याला तीन वितरकांकडून तीस हजारांची मागणी आली. वितरकांनीही आपल्या भीतीपोटी वर थोडी भर घातली असणार. माझ्यासारखे किती होते देव जाणे. त्या तिसातले वीस हजार कुणालाच नको होते. ते फक्त माझ्या काळजीचे नग होते.

अमेरिकेतल्या एमआयटीत साठच्या दशकापासून याचा एक खेळ शिकवतात. चार खेळाडू: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. माल बिअरचा. गिऱ्हाइकाची मागणी पूर्ण खेळात एकदाच बदलते, चार खोक्यांवरून आठ खोक्यांवर, आणि मग तशीच राहते. एवढ्यावरून मागच्या कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर ऑर्डरी अशा उसळतात की आधी तुटवडा आणि मग मालाचे ढीग. शिकलेसवरलेले लोक खेळतात तरी हेच होतं. आसुडाची मूठ जरा हलवली की टोकाला फटका बसतो, म्हणून याला आसुडाचं नाव दिलेलं आहे. 2021 साली मी त्या आसुडाच्या मुठीशी उभा होतो.

2022 च्या उत्तरार्धात तिघांचाही माल आला. एकाच पंधरवड्यात. स्टोअरवाल्याने मला खाली बोलावून घेतलं. खोक्यांवर खोकी, जाण्यायेण्याच्या वाटेतसुद्धा. तो काही बोलला नाही, फक्त हातातली यादी पुढे केली. ‘पुढे ढकला’ म्हणायला मी फोन उचलला तर पलीकडून पीओच्या मागच्या पानावरची अट वाचून दाखवण्यात आली: रद्द होणार नाही, परत घेतलं जाणार नाही. सही माझीच होती. तिप्पट माल मागवताना ती अट मी वाचली होती, पण तेव्हा ती अट मला सुरक्षित वाटली होती. माल नक्की मिळणार याची खात्री म्हणून.

दोन वर्षांनी त्यातला उरलेला माल ब्रोकरला कवडीमोलाने दिला. जुना डेट कोड आमच्या गिऱ्हाइकांना चालत नाही. राइट-ऑफच्या, म्हणजे माल हिशेबातून उडवण्याच्या, कागदावर मंजुरीच्या रकान्यात साहेबांची सही आहे, निवृत्तीआधीच्या शेवटच्या काही सह्यांपैकी एक. मागणीदाराच्या रकान्यात माझी. एक रील मी ठेवून घेतलं.

या साऱ्याचा शेअरशी काय संबंध? माझ्यापुरता फार जवळचा. 2022 च्या डिसेंबरात माझ्याकडे मायक्रॉनचे थोडे शेअर होते. 21 तारखेला त्यांचे आकडे आले: विक्री वर्षभरापूर्वीच्या 7.69 अब्जांवरून 4.09 अब्जांवर, साठा 214 दिवसांचा, दहा टक्के नोकरकपात. मी दुपारीच स्टोअरमध्ये जाऊन आलो होतो. ती वाटेतली खोकी बघून आलेल्या माणसाला कुठल्या विश्लेषकाची गरज? मला आतून माहीत होतं की हा गाळ लवकर उपसला जाणार नाही. मी सगळे विकले, पन्नास डॉलरच्या आसपास. आणि माझं बरोबरच होतं! पुढचं वर्ष मायक्रॉनला फार वाईट गेलं. आर्थिक वर्ष 2023 मध्ये विक्री जवळपास निम्मी झाली, तोटा 5.8 अब्ज डॉलर.

फक्त शेअर तिथून खाली गेला नाही. मार्चमध्ये साठ्याची किंमत ती 1.43 अब्जांनी खाली आणल्याची बातमी आली, कंपनीच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा तिमाही तोटा जाहीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी शेअर वर गेला. मी रिकाम्या हाताने बघत बसलो. 2025 संपताना तो अडीचशेच्याही पलीकडे होता. मेव्हणा अजून मधूनच विचारतो, “दाजी, ते किती शेअर होते हो?” त्याला आकडा पाठ आहे.

कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की बाजार वेडा आहे. मग हळूहळू ध्यानात आलं की मी साठा बरोबर मोजला, पण तो सगळ्यांनाच दिसत असलेला साठा होता. 214 दिवस हे काही माझं गुपित नव्हतं, कंपनीनेच छापून दिलं होतं. जे छापून येतं ते किमतीत मुरलेलं असतं. घसरणीच्या आधी जे कुणालाच दिसत नव्हतं ते वेगळ्याच ठिकाणी होतं: माझ्या स्टोअरमध्ये. माझ्या वाटेतल्या खोक्यांत. चिप कंपनीच्या हिशेबात तो माल केव्हाच ‘विकलेला’ होता. तिचा ताळेबंद आमच्या गेटपर्यंतसुद्धा पोचत नाही, मग माझ्या खणापर्यंत कुठला पोचायला. त्यांना आमच्याकडच्या ढिगाचा पत्ता लागला तो आमचे फोन यायचे थांबले तेव्हा.

2018 च्या नोव्हेंबरात एनव्हिडियाचंही असंच झालं होतं. क्रिप्टोच्या नादात उचललेली ग्राफिक्स कार्डं विक्रेत्यांकडे साठून राहिली आणि हे कळलं त्या एका दिवसात शेअर जवळजवळ 19 टक्के कोसळला. कंपनीच्या स्वतःच्या गोदामातला आकडा तेव्हाही सगळे दर तिमाहीला वाचतच होते.

म्हणून नोव्हेंबरातल्या त्या वादात मी मध्येच म्हणालो की 19.8 अब्जांवरून तुम्ही दोघं उगाच भांडताय. तो माल मोजलेला आहे. मला प्रश्न पडतो तो विकून झालेल्या मालाचा. किती चिप डेटा सेंटरच्या रॅकमध्ये बसून कामाला लागल्या आणि किती खोक्यात आहेत? त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला जाहीरपणे बोलून गेले होते की आता अडचण चिपची नाही, विजेची आणि तयार जागेची आहे. चिप येऊन पडतील आणि लावायला जागा नसेल. मेव्हणा म्हणाला, “म्हणजे मागणी आहेच की, जागा झाली की लागतील!” साहेब म्हणाले, “म्हणजे खोकी वाटेत आहेत.” दोघांनाही एकाच वाक्यातून आपापलं मिळालं. मला दोघांचंही पटलं, आणि मी काहीच घेतलं नाही, काहीच विकलं नाही. मेव्हणा याला माझा स्वभाव म्हणतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस, दुसरं काय.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. मेमरीचा तुटवडा सुरू झाला होता. एआयच्या चिपना लागणारी मेमरी बनवण्यात कारखाने गुंतले आणि साध्या मेमरीचे भाव चढत गेले. मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या वितरकाची मेल आली: लीड टाइम, म्हणजे माल यायला लागणारा वेळ, वाढला आहे, भाव पुढच्या आठवड्यापर्यंतच, ऑर्डर रद्द होणार नाही, परत घेतली जाणार नाही. मी ती मेल दोनदा वाचली. शब्द तेच होते, 2021 चे.

आमच्याकडे खरेदीत एक नवीन मुलगा आहे. हुशार आहे, 2021 ला कॉलेजात होता. तो लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. शेड्यूल उघडलेलं, पीओ अर्धी भरलेली, नगांचा रकाना रिकामा.

“सर, प्लॅनिंगप्रमाणे चार हजार लागतात. किती टाकू?”

मी खण ओढला. रील तिथेच होतं. पिशवी अजून फोडलेली नाही, त्यामुळे आतले ठिपके निळे आहेत की गुलाबी ते मला माहीत नाही. त्याला ते दाखवावं, सगळी गोष्ट सांगावी, असं मनात आलं. तो उभा होता, कर्सर रकान्यात लुकलुकत होता. मी खण लोटला.

“सहा टाक,” मी म्हटलं.